गाडीचा उपास

गाडी दाखवायला नेली की मिस्त्री आधी बॉनेट उघडतो, अशी माझी समजूत होती. या मिस्त्रींनी बॉनेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी मला गाडीतच बसून राहायला सांगितलं, चारही काचा वर करायला लावल्या, दार बाहेरून ढकलून बंद केलं आणि समोरच्या ओट्यावर जाऊन सुपारी कातरत बसले. एप्रिल संपत आला होता. दुपारचे बारा वाजलेले. हुडकेश्वरहून अख्खं नागपूर ओलांडून मी जरीपटक्याच्या त्या गल्लीत आले होते आणि गल्लीत सावलीचा तुकडा नव्हता. पाच-सात मिनिटांत जीव कासावीस झाला. मी काचेवर जोरात टकटक केली, तेव्हा ते सावकाश उठले, दार उघडलं आणि पहिला प्रश्न विचारला,

"मॅडम, घाम पहिले कुठं आला?"

"कुठं म्हणजे? सगळीकडे आला!" मी चिडून म्हणाले.

"सगळीकडे एकदम नाही येत. याद करा. पहिले कुठं?"

मी आठवून पाहिलं. पावलांना. मग पोटऱ्यांना. डोक्यावर टप तापला होता, पण घाम सुरू झाला तो खालून.

"हां," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा उजळला. "म्हंजे इंजिनची गर्मी पायाकडून आत येऊन राहिली. ज्यानं गाडी रंगवली त्यानं मंधातल्या पत्र्याची भोकं बुजवली नाहीत. तुमचा ए.सी. खराब हायेच. पन थो चांगला असता तरी हारला असता. पहिले गर्मीचं येनं बंद करू, मंग आत आलेली बाहेर काढू."

मी जवळपास तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. उष्णता जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते, हे वाक्य किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल, मोजदाद नाही. पण विद्यार्थ्याला बंद गाडीत बसवून, तुला घाम आधी कुठे आला, असं विचारण्याचं मला कधी सुचलं नाही.

त्यांच्या दुकानाला पाटी नव्हती. एका बाजूला पापडवाल्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला कापडाचं, आणि मधे हा पत्र्याचा आडोसा. वरच्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको राहत. पाटी का नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "पाटी लावली की लोकं वाचून येतात. मले इचारून आलेली पायजेत." आणि खरंच, लोक विचारूनच यायचे. सगळीकडे फिरून थकलेले, जुन्या गाड्यांचे, हट्टी लोक. मीही तशीच पोचले होते. दोन ठिकाणी गॅस भरून झाला होता. आठ दिवस गार हवा, नवव्या दिवशी पंखा नुसता फुंकर घालायचा.

"नुसता गॅस टाकून द्या" असं कोणी म्हणालं की मिस्त्रींचं डोकं फिरे. माझ्यासमोर एका चांगल्या सुटाबुटातल्या माणसाला त्यांनी परत पाठवलं. तो म्हणत होता, गळती-बिळती पुढच्या वर्षी पाहू, आता फक्त गॅस. मिस्त्री म्हणाले, "गळक्या मडक्यात पानी भरनारा पानक्या मी नाही, साहेब. गल्लीच्या टोकाले दुसरं दुकान हाये, थे भरते." आणि त्या माणसाला गाडी वळवता यावी म्हणून स्वतः रस्त्यात उभे राहून हाताने दिशा दाखवू लागले. अपमान करायचा, पण गाडीला ओरखडा येऊ द्यायचा नाही, असा तो प्रकार.

गळती शोधायला त्यांच्याकडे मशीन होतं. पण त्यांचा भरवसा रिठ्यांवर. बायकोने केसांसाठी भिजवलेल्या रिठ्यांचं पाणी ते वाटीत घेत, घुसळून फेस करत आणि एका जुन्या दाढीच्या ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावत. साबणाचा फेस लवकर बसतो, रिठ्याचा दम धरतो, असं त्यांचं म्हणणं. मग डोळे मिटून पाइपांवरून बोटं फिरवत. गॅस जिथून निसटतो तिथे बारीकसा तेलकटपणा येतो, तो त्यांना बोटांना कळे. त्यांचे वडील उमरेडला हातमागावर विणायचे. लहानपणी मागावरचा तुटलेला धागा डोळ्यांनी न पाहता बोटांनी शोधायची सवय लागली, ती इथे कामाला आली, असं ते सांगत. "धागा दिसत नाही मॅडम, धागा लागते," हे त्यांचं वाक्य. "गॅसचंबी तसंच."

आणि त्यांचा तो उपास.

जुन्या गाडीच्या ए.सी.चं काम झालं की गॅस भरण्याआधी पंप लावून आतली सगळी हवा आणि ओल ओढून घेतात. मीटरचा काटा खाली जातो. पंप बंद केल्यावर काटा तिथेच राहिला तर सगळं घट्ट आहे. काटा वर सरकला तर कुठेतरी भोक आहे, बाहेरची हवा आत येते आहे. बाकीचे मिस्त्री अर्धा तास थांबतात. हे एक पूर्ण दिवस थांबत. त्याला ते गाडीचा उपास म्हणत. इथवर ठीक होतं. पण गाडी उपाशी असेपर्यंत हे स्वतःही जेवत नसत.

"तिच्या पोटात काही नाही, अन् मी कसा जेवू?" मी विचारलं तेव्हा त्यांनी मलाच उलट विचारलं.

त्यांची बायको चहा घेऊन खाली आली होती. चहा चालायचा. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी एकादशी हाये, चतुर्थी हाये, अन् वरून गाड्यायचे उपास. देवाचे तरी कॅलेंडरमंधी लिहून राह्यते. ह्यायचे कवा येतील, काही नेम नाही. सैपाक केला की सांगतात, आज निळी गाडी उपाशी हाये."

मिस्त्री हसले नाहीत. काट्याकडे पाहत राहिले.

गाडी माझ्या वडिलांची. गोल पाठीची, पांढरी, समोर एकसलग बाकासारखी सीट असलेली. ते गेल्यावर अंगणातल्या शेडखाली ती काही वर्षं पडून होती. मी निवृत्त झाल्यावर ती पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं. पत्रा, रंग, इंजिन सगळं झालं. लोकांना वाटलं, म्हातारपणाचा छंद. छंद होताच, पण नुसता छंद नव्हता. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं. तिला वाकून, मान आत घालून हल्लीच्या कुठल्याही गाडीत बसता येत नव्हतं. एकदा प्रयत्न केला तर अर्ध्यातच अडकली आणि कळवळली. या गाडीचं दार रुंद, सीट सपाट आणि खुर्चीएवढ्या उंचीची. त्यावर ती आधी टेकायची आणि मग पाय आत घ्यायची. जगात तिला बाहेर नेऊ शकेल असं हे एकच वाहन उरलं होतं. आणि त्याआधीच्या उन्हाळ्यात तिला उष्माघात झाला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, उन्हाळ्यात गारव्याशिवाय बाहेर काढायचं नाही. म्हणून ए.सी.

हे सगळं मी मिस्त्रींना पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं. त्यांनी काढून घेतलं. "हिच्यात बसनार कोन?" हा त्यांचा दुसरा प्रश्न होता. "आई" म्हटल्यावर म्हणाले, "मंग आईले पाह्यलं पायजे."

मला वाटलं बोलण्याची पद्धत असेल. रविवारी सकाळी सायकलवर मिस्त्री आमच्या दारात! जरीपटका ते हुडकेश्वर, सायकलवर. आईला त्यांनी अंगणात खुर्चीवर बसवलं, तिची बसण्याची उंची दोरीने मोजली, गुडघे कुठे येतात ते पाहिलं. गार हवा थेट खुब्यावर आली तर दुखेल, म्हणून हवेचं तोंड कुठे वळवायचं, त्याची खूण खडूने गाडीच्या आत केली.

आईला माणूस आवडला. "कोनाचे गा तुम्ही?" तिने विचारलं. उमरेडच्या कोष्ट्यांचे, असं कळल्यावर तर झालंच. आई खाप्याच्या कोष्ट्यांची मुलगी. दोघं अर्धा तास मागावरचं बोलत बसले. ताणा कसा भरायचे, खळ कशाची लावायचे, पावसाळ्यात सूत कसं रुसायचं. मी तिथे असून नसल्यासारखी.

"खाप्याले माही मोठी बहीन हाये," आई म्हणाली. "बाई म्हनतो आम्ही तिले. तीन वर्षं झाली, भेट नाही. तुमची गाडी थंडी झाली की पहिले तिच्याकडे जाईन."

"थंडी कोनी आनत नाही माय," मिस्त्री म्हणाले. "थंडी नावाची वस्तूच नाही. आपन फक्त गर्मी बाहेर नेऊन टाकतो. पन नेतो तुम्हाले. पक्कं काम करून नेतो."

काम पक्कं होत गेलं. पत्र्याची भोकं बुजली. जुने रबरी पाइप जाऊन नवे आले. कंप्रेसर उघडून बसवला, जुनं तेल धुऊन काढलं. मे महिना अर्धा सरला. मी दर दोन दिवसांनी जायची आणि प्रत्येक वेळी एखादी गोष्ट झालेली आणि एखादी नवीन निघालेली असायची. मला घाई नव्हती. शेवटी सगळं जुळलं, पंप लावला गेला, गाडीचा उपास सुरू झाला. दुसऱ्या दिवशी गॅस.

गॅस भरायच्या त्या दिवशीच सकाळी खाप्याहून मावसभावाचा फोन आला. मावशीने अन्न सोडलं होतं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. "शुद्धीवर आहे," तो म्हणाला. "सारखी विचारते, लहानी आली काय? लहानी आली काय?"

लहानी म्हणजे माझी आई. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर.

मी ॲम्ब्युलन्स बोलवते म्हणाले. आई म्हणाली, "मी मेल्यावर ने त्याच्यात. बाईच्या दारात ॲम्ब्युलन्स उभी राह्यली तं तिचा जीव तिथंच जाईन." पहाटे निघावं म्हटलं तर तिचं आवरणं, गाडीत बसवणं, तिथे उतरवणं यातच ऊन डोक्यावर यायचं. आणि परतताना दुपार. मी तडक रिक्षा पकडून जरीपटका गाठलं.

मिस्त्री मीटरसमोर उकिडवे बसले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी बोटाने काटा दाखवला. काटा सरकला होता. किती? तांदळाच्या दाण्याइतका. नीट पाहिलं नसतं तर मला कळलाही नसता.

"आतल्या कॉइलमंधी हाये कुठंतरी," ते म्हणाले. "बाकी सगळं पाह्यलं मी. डॅशबोर्ड खोलावा लागते. दोन दिवस."

मी त्यांना मावशीचं सांगितलं. म्हणाले, "अरे देवा!" मी म्हटलं, "आज गॅस भरा. एवढ्या बारीक भोकातून किती जाईल? पंधरा दिवस तरी टिकेल. आम्हाला तासाभराचा रस्ता जायचा आहे आणि परत यायचं आहे. आल्यावर गाडी तुमच्याकडे, मग महिनाभर ठेवा."

"नाही मॅडम."

"का नाही?"

"माह्या हातून गळकी गाडी जात नाही. आजवर गेली नाही."

"मिस्त्री, बाई मरायला टेकली आहे."

"म्हनूनच तं. रस्त्यात बंद पडली तं? माय अशा उन्हात..."

"बंद पडणार नाही. तुम्हाला माहीत आहे, बंद पडणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. स्क्रूड्रायव्हर उचलला आणि डॅशबोर्डचा पहिला स्क्रू काढायला लागले. मग माझा तोल गेला. शिक्षकाचा आवाज असतो, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्या आवाजात मी म्हणाले, "तुमचा उपास गाडीसाठी नाही, तुमच्या अहंकारासाठी आहे. काम पक्कं करायचं, ते कोणासाठी? त्या काट्यासाठी?" पापडवाला दुकानातून बाहेर येऊन पाहू लागला. वरच्या खिडकीत मिस्त्रींची बायको आली. मी तशीच उन्हात चालू लागले.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं.  तो दिवस तसाच गेला. कूलरसमोर बसून ती पदराच्या काठाशी चाळा करत राहिली. मी आणखी कोणाकोणाला फोन केले, उंच सीटची गाडी मिळते का पाहिलं, काही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर आई म्हणाली, "मिस्त्र्याले फोन लाव वं."

मी लावून दिला. ती फोनवर फार थोडं बोलली. ते जसंच्या तसं मला आठवतं. "भाऊ, मी लहानी बोलतो. तुमचा काटा बराबर असंन. पन माही बहीन थांबनार नाही गा. मले नेऊन द्या."

 पलीकडून फोन ठेवल्याचं कळलं. आईने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "माही खाप्याची साडी काढ."

अकराच्या सुमाराला फाटकाशी हॉर्न वाजला. गाडी उभी. डॅशबोर्ड घाईने बसवलेला, दोन स्क्रू जागेवर नव्हते. मागच्या सीटवर गॅसचा डबा, मीटर, पाइप, पान्ह्यांची पिशवी. मिस्त्री स्टिअरिंगवरून उतरले, किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः मागे त्या सामानाच्या शेजारी जाऊन बसले. मी विचारलंही नाही आणि त्यांनी सांगितलंही नाही की येतो आहे म्हणून.

गाडीत शिरल्यावर मला पहिल्यांदा कळलं की त्यांनी महिनाभर काय केलं होतं. बाहेर नवतपा, मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, लागलेला, रस्त्यावरचं डांबर चकाकत होतं, लोक डोक्याला दुपट्टे गुंडाळून चाललेले. आत मात्र श्रावणातल्या देवघरासारखं वाटत होतं. हवा अंगावर येत नव्हती, नुसती आसपास होती. आईच्या खुब्यावर तर मुळीच नाही.

"भाऊ, मले तं थंडी वाजून राहिली," आई म्हणाली. कौतुकाने म्हणाली.

 आरशात मला दिसत होतं, पुढे झुकून त्यांनी एक हात आमच्या सीटच्या पाठीवरून हवेच्या तोंडाकडे लांबवला होता आणि डोळे मिटले होते. तासभर ते तसेच बसले. सावनेरच्या पुढे गेल्यावर एकदा मी म्हटलं, हात दुखेल. म्हणाले, "दुखू द्या."

खाप्याला मावशीचं घर गल्लीत आहे. गाडी जेमतेम दारापर्यंत गेली. मावसभावाने आणि मिस्त्रींनी मिळून आईला उतरवलं. आत खाटेवर मावशी. मी तिला ओळखलं ते नाकावरून. बाकी चेहरा उरलाच नव्हता.

"कालपासून बोलणं बंद झालं," मावसभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला. "काल सकाळपर्यंत चांगली बोलली. लहानी आली काय, विचारलं. आंबील मागितली. दुपारनंतर डोळे लावले ते लावलेच."

आई खाटेला खुर्ची लावून बसली. "बाई," तिने हाक मारली. "बाई, मी आली." काही नाही. आईने मावशीचा हात घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. बराच वेळ तो हात तसाच पडून होता. मग त्याची बोटं हलली. आईच्या पदराचा काठ अंगठा आणि तर्जनीत धरून मावशी तो हळूहळू चोळायला लागली, जसं पोत तपासायला चोळतात तसं. ती साडी मावशीच्या घरच्या मागावरची होती. डोळे मिटलेलेच. तिने आईला ओळखलं की नुसतं कापड ओळखलं, हे आम्ही आजही ठरवू शकत नाही. आई म्हणते, ओळखलं.

मी बाहेर आले. मिस्त्री ओसरीच्या पायरीवर बसले होते. मावसभावाच्या बायकोने त्यांच्यापुढे ताट ठेवलं होतं, त्याला हात लागलेला नव्हता.

"काल बोलत होत्या का?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलणं अवघड नव्हतं. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर बोललेही असते. पण तांदळाच्या दाण्याइतका काटा सरकलेला ज्याला चालत नाही, त्याच्याशी खोटं काय बोलणार?

"हो," मी म्हणाले. "सकाळपर्यंत."

त्यांनी मान हलवली. नंतर ते अंगणात गेले, आणि गाडीचं दार उघडून, आत न बसता, नुसते दाराला धरून उभे राहिले.

चार वाजता आम्ही निघालो. आईच्या चेहऱ्यावर रडल्याच्या खुणा होत्या, पण ती शांत होती. नदीचा पूल ओलांडल्यावर ती मागे न वळता म्हणाली, "भाऊ, तुम्ही मनाले लावून घेऊ नका. बोलून काय होनार होतं? दोघी म्हाताऱ्या. तेच ते बोललो असतो. मी तिचा हात धरला. झालं माहं."

मिस्त्री मागून म्हणाले,

"नाही माय. तुमचं झालं असंन. पन थो एक दिवस माह्या नावाचा हाये. थो माह्याकडेच राहू द्या."

आईने मग समजूत घातली नाही. मला वाटतं, तिने तो दिवस त्यांच्याकडे राहू दिला. हुडकेश्वर येईपर्यंत पंख्याचा तेवढा बारीक आवाज.

मावशी तिसऱ्या दिवशी गेली.

खाप्याहून परत आल्यावर मिस्त्री गाडी घेऊन गेले होते. त्यांनी डॅशबोर्ड पुन्हा खोलला, आतली कॉइल काढली, एका सांध्यात केसासारखी चीर सापडली, ती भरली. पुन्हा पंप, पुन्हा एक दिवस. या वेळी काटा हलला नाही. गाडी आणायला गेले तेव्हा मी माफी मागितली. भर गल्लीत तसं बोलायला नको होतं, असं मी म्हणाले.

त्यांनी हात पुसले. फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

"गलत नव्हतं बोललं तुम्ही," ते म्हणाले. "लोकं म्हनतात, मिस्त्री लय पक्का मानूस हाये. एक टाईम उपाशी राह्यते, पन कच्चं काम देत नाही. थे आयकाले बरं वाटे मले. मीटरपुढं बसलो की मनात थेच राहे. गाडीत कोन बसनार, थे पहिल्या दिवशी इचारलं मी. पन कवा पोचाचं हाये, थे इचारलंच नाही."

त्यांची बायको वरून ऐकत होती. तिने एवढंच म्हटलं, "आता जेवा." आणि ते जेवायला वर गेले.

तेव्हापासून दर उन्हाळ्याच्या तोंडाला मी गाडी एकदा त्यांना दाखवून आणते. दाखवायची तशी गरज नसते. आईला ती गाडी अजून लागते, डॉक्टरकडे, एखाद्या लग्नाला, कधी नुसतंच फुटाळा तलावावर चक्कर मारायला. मिस्त्री तिची विचारपूस करतात, हवेचं तोंड बोटभर इकडेतिकडे करतात, आणि मला ओट्यावर बसवून चहा पाजतात.

या वर्षी मी तिथे असताना एक जुनी जीप येऊन थांबली. चालवणारा चाळिशीचा, घामाने निथळलेला. मागे एक म्हातारा आडवा निजलेला, उशाशी औषधांची पिशवी. दवाखान्यातून सुट्टी झाली होती आणि त्यांना भंडाऱ्याच्याही पलीकडे कुठल्याशा गावी जायचं होतं. ए.सी. रस्त्यात बंद पडला होता.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, बोटं फिरवली. मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, गळती सापडली आहे आणि बारीक नाही.

"कवा पोचाचं हाये?" त्यांनी विचारलं.

"अंधाराच्या आत, दादा. बाबाले घर पाहाचं हाये म्हनतात."

मिस्त्रींनी गॅसचा डबा आणला. पाऊण तासात जीप गार झाली. म्हाताऱ्याने डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलं. मिस्त्रींनी त्या माणसाला दोनदा, तीनदा सांगितलं, "हे कच्चं काम हाये. आठ दिवस चालंन. मंग वापस ये, मी पक्कं करून देतो. येजो बरं." त्याने हात जोडले, नक्की येतो म्हणाला. जीप वळवायला मिस्त्री रस्त्यात उभे राहिले आणि कोपऱ्यावर ती दिसेनाशी होईपर्यंत उभेच होते.

महिन्याने मी आईला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन जरीपटक्याला गेले, तेव्हा दोन मिनिटं दुकानाशी थांबले. आई गाडीतच बसली. मिस्त्री तिच्या खिडकीशी येऊन वाकून बोलत होते. मी विचारलं,

"ते जीपवाले आले होते का परत?"

"नाही."

"फोन वगैरे?"

"नाही."

मला वाटलं, आता ते चिडतील. म्हणतील, म्हणूनच मी गळकी गाडी सोडत नव्हतो. ते खिडकीच्या काठावर हात ठेवून थोडा वेळ गल्लीच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"पोचले असतीन," ते म्हणाले.